भोंगा वाजला. पुढे?

२०२५ च्या मे महिन्यातली सात तारीख. सकाळी टीव्ही लावला तर 'ऑपरेशन सिंदूर'च्या बातम्या सुरू होत्या. त्याच दुपारी चारला देशभर नागरी संरक्षणाची कवायत ठरलेली होती. आपल्याकडे ती क्रॉस मैदानात झाली. भोंगा वाजला, स्वयंसेवक स्ट्रेचर घेऊन धावले, जखमी झाल्याचं सोंग घेऊन पडलेल्यांना उचलून नेण्यात आलं. संध्याकाळी डोंबिवलीहून भाच्याचा फोन. "मावशी, भोंगा ऐकलास का? इतक्या वर्षांनी सरकार जागं झालंय. आता बघच तू!"

मी म्हटलं, "ऐकला. भोंगा वाजला. पुढे?"

झालं! एवढ्यावरून तो जो चिडला तो अजून धड बोलत नाही. तुमच्यासारख्या माणसांमुळेच देशाचं वगैरे वगैरे. (पुढचं लिहीत नाही, त्याची आई हे वाचते.) गणपतीत आला, आरतीला उभा राहिला, मोदक खाल्ले, पण देशाचा विषय निघाला की ताटाकडे बघायचा. त्याच्या रागाला कारण आहे हे मला कळतं. पहलगामला महाराष्ट्रातली सहा माणसं गेली, त्यातली तीन त्याच्या डोंबिवलीची. त्या रागात मीही वाटेकरी आहे. पण माझ्या त्या 'पुढे?'चा अर्थ त्याने ऐकूनच घेतला नाही, म्हणून तो आज सविस्तर लिहिते आहे. लांबेल. चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईकडून तुम्ही दुसरी अपेक्षा तरी काय करणार!

भोंग्याशी माझं वैर नाही, हे आधी सांगते. १९६५ च्या युद्धात मी पंधरा वर्षांची होते आणि १९७१ मध्ये एकवीस. दोन्ही वेळा आमच्या गिरगावातल्या वाडीत खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावले होते. मोटारींच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग असायचा. फट राहून उजेड बाहेर आला की खालून स्वयंसेवक ओरडायचे, "दुसरा मजला, लाइट बंद करा!" वडील अंधारात रेडिओला कान लावून बसायचे आणि आई आमटी चाचपडत वाढायची. कवायत हवीच. लोकांना काय करायचं ते ठाऊक हवंच. प्रश्न कवायतीचा नाही, कवायत संपल्यानंतरचा आहे.

आमच्या शाळेत वर्षातून एकदा तपासणी व्हायची. साहेब येणार म्हटल्यावर आठवडाभर आधी फळे रंगवले जायचे. कपाटातले तक्ते निघायचे, धूळ झटकून भिंतीवर लागायचे. हुशार मुलं पुढच्या बाकावर, ज्यांना वाचताच येत नाही ती मागे, आणि ज्यांच्याबद्दल अगदीच खात्री त्यांना त्या दिवशी "ताप" यायचा. साहेब यायचे, खुश व्हायचे, चहा-बटाटेवडा घेऊन जायचे. दुसऱ्या दिवशी तक्ते कपाटात. हे सगळं मी स्वतः केलेलं आहे, म्हणून मला लांबूनही ओळखता येतं. आपली राष्ट्रीय सुरक्षा ही अशी तपासणीच्या दिवशीची सुरक्षा आहे. मागच्या बाकावर काय चाललंय ते कुणी विचारत नाही.

समुद्रापासून सुरुवात करते, कारण तो माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजारात पहिला स्फोट झाला. मी शिक्षकखोलीत पेपर तपासत होते. मग एकामागून एक बातम्या येत राहिल्या, एअर इंडियाची इमारत, सेना भवनाजवळचा पेट्रोल पंप, सेंच्युरी बाजार, दादरचं प्लाझा. आईबाप धावत शाळेत आले, आपापलं मूल हाताला धरून नेलं. शेवटचं मूल गेलं तेव्हा अंधार पडायला आला होता. २५७ माणसं गेली. आणि ते आरडीएक्स आलं कुठून? समुद्रातून. रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी इथे उतरवलेलं. पुढे मी वर्गात नकाशावर शेखाडी शोधून दाखवलं होतं, श्रीवर्धन तालुक्यातलं एवढंसं गाव. तो माल काही पाणबुडीतून गुपचूप आला नव्हता. कस्टमच्या आणि पोलिसांच्या काही माणसांना या खटल्यात न्यायालयाने दोषी ठरवलं. म्हणजे पहारा होता, पण विकला गेलेला होता.

(त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीतल्या दंगलीत याच शहरात नऊशेच्या आसपास माणसं मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा अहवाल १९९८ मध्ये आला आणि कपाटात गेला. भाच्या, तू म्हणशील, हे मध्येच कशाला? अरे, घराबाहेर पडलेला माणूस संध्याकाळी परत येईल की नाही, हाच जर सुरक्षेचा प्रश्न असेल, तर तीही सुरक्षाच होती.)

आता बघ. १९९३ मध्ये कळलं की मुंबईला समुद्राकडून धोका आहे. नौदल आणि तटरक्षक दलाची गस्त सुरू झाली, हे खरं. पण किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी उभारायची, पोलिसांना बोटी द्यायच्या, ही केंद्राची योजना मंजूर व्हायला २००५ साल उजाडलं. बारा वर्षं! पहिलीतलं मूल बारावीला जाईल. आणि त्यानंतर तीन वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ ला दहा जण 'कुबेर' नावाचा आपलाच एक ट्रॉलर पळवून, रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार नगरात उतरले. तिथल्या कोळी लोकांनी त्यांना उतरताना पाहिलं. हटकलंसुद्धा. म्हणजे त्या संध्याकाळी मुंबईच्या किनाऱ्यावर पहारा होता तो जाळी विणणाऱ्यांचा, आणि त्यांचं ऐकून घेणारं कुणी नव्हतं. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, हॉटेलं लक्ष्य होऊ शकतात, अशा सूचना आधी आलेल्या होत्या. त्या कुठल्या ना कुठल्या टेबलावर पोचल्याही होत्या. १६६ माणसं गेली.

त्यानंतर काय झालं? राजीनामे. केंद्राचे गृहमंत्री गेले, राज्याचे मुख्यमंत्री गेले, राज्याचे गृहमंत्रीही गेले. आर. आर. पाटलांनी "बड़े शहरों में" वगैरे जे बोलून ठेवलं त्यावर आपण सगळे पेटलो होतो. मीही त्यांना चार शब्द सुनावणारं पत्र वर्तमानपत्राला पाठवलं होतं (छापलं नाही). वर्षभराने निवडणुका झाल्या आणि आबाच पुन्हा गृहमंत्री झाले. आम्ही पेटलो होतो ते विझूनही गेलो होतो. राम प्रधान समिती नेमली होती, तिने २००९ च्या एप्रिलमध्ये अहवाल दिला. शहरात कॅमेरे लावा, हे तेव्हाच ठरलं. निविदा निघाल्या, अडकल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. सारे कॅमेरे लागून पूर्ण व्हायला २०१६ उजाडलं.

मधल्या काळात १३ जुलै २०११ ला झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादरचा कबुतरखाना असे तीन स्फोट झाले. ऑपेरा हाउस म्हणजे आमचं अंगण. त्या संध्याकाळी पाऊस होता, मी भाजी घेऊन नुकतीच घरी आले होते. पंचवीसहून अधिक माणसं गेली. आणि त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, ३१ जुलैला, 'पवित' नावाचं एक हजार टनांचं जहाज जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. त्यात एकही माणूस नव्हता! खलाशांनी ते महिनाभर आधी ओमानच्या बाजूला सोडून दिलं होतं. तेव्हापासून ते वाऱ्यावर वाहत होतं. नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस असं तीन पदरी कवच २६ नोव्हेंबरनंतर उभारलं आहे, हे आम्हाला दर भाषणात सांगितलं जायचं. त्या तिन्ही पदरांतून एक अख्खं रिकामं जहाज निवांत तरंगत जुहूला पोचलं. ज्याला सुकाणू धरणारा नाही त्याला मुंबई सापडली, मग ज्याला ठरवून यायचं त्याला किती अवघड?

२०२२ च्या ऑगस्टमध्ये, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बोट लागली. आत तीन एके-४७ आणि काडतुसं. चौकशीत निघालं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईची, मस्कतहून युरोपला निघालेली, इंजिन बिघडल्यामुळे जूनमध्ये सोडून दिलेली. घातपाताचा संबंध नाही, असं सरकारने विधानसभेत सांगितलं. बरं झालं, सुटकेचा श्वास टाकला. पण मला आठवला तो नकाशा. हरिहरेश्वर श्रीवर्धन तालुक्यात, आणि शेखाडीही श्रीवर्धन तालुक्यात. एकोणतीस वर्षांनी, त्याच तालुक्यात, बंदुका भरलेली बोट आपल्या आपण किनाऱ्याला लागते आणि तोवर कुणाला पत्ता नसतो.

मग या समुद्रावर सरकारचं लक्षच नाही का? आहे ना! २४ डिसेंबर २०१६ ला आमच्या गिरगाव चौपाटीसमोरच्या समुद्रात शिवस्मारकाचं जलपूजन झालं. पंतप्रधान आले होते. खर्चाचा अंदाज ३,६०० कोटी. नऊ वर्षं झाली, काम न्यायालयात अडकलं, आणि मी चौपाटीवर बसते तिथून आजही समोर नुसतं पाणी दिसतं. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनाच्या मुहूर्तावर, महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा टिकला नाही. त्या दिवशी मी जेवले नाही, हे माझ्या सुनेला विचारा. मग नवा पुतळा मात्र झपाट्याने उभा राहिला, आधीपेक्षा उंच.

मी इतिहास शिकवला आहे आणि महाराजांचं नाव माझ्या तोंडात कुठल्याही पुढाऱ्यापेक्षा जास्त वेळा आलेलं आहे, म्हणून बोलायचा अधिकार घेते. महाराजांनी १६६४ मध्ये मालवणच्या खडकावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला, तो स्वतःची मूर्ती बसवण्यासाठी नाही. १६७९ मध्ये त्यांनी मुंबईच्या तोंडावर खांदेरी बेट बळकावून तिथे तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही घाबरले. का? कारण एवढ्याशा खडकावरून मुंबईत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर नजर ठेवता येत होती. समुद्रावर नजर ठेवणं हेच ते काम होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात आरमारातल्या माणसांच्या पगाराची, सामानाची, तरांड्यासाठी लाकूड कुठलं तोडायचं आणि कुठलं नाही याचीसुद्धा काळजी केलेली आहे. रयतेचं आंब्या-फणसाचं झाड तिच्या मर्जीशिवाय तोडायचं नाही इथपर्यंत! त्याला म्हणतात सुरक्षेचं धोरण. त्यात एकही मिरवणूक नाही. आपण त्या माणसाची उंची पुतळ्याच्या फुटांत मोजतो आणि त्याचं काम मात्र कुणा कोळ्यावर सोपवून मोकळे होतो.

आता चौपाटीवरच थांबते. २६ नोव्हेंबरच्या त्या रात्री मी घरात होते. मध्यरात्रीनंतर चौपाटीच्या बाजूने आवाज आले. लग्नसराई होती, फटाके असतील असं वाटलं. ते फटाके नव्हते. डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे तिथे नाकाबंदीवर होते. मूळचे साताऱ्याकडचे, लष्करातून निवृत्त होऊन पोलिसांत आलेले. समोरच्या मोटारीत एके-४७ आणि ओंबळ्यांच्या हातात लाठी. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला. आज त्या जागी त्यांचं स्मारक आहे. मी दर वर्षी सकाळी दोन फुलं ठेवून येते. बरेच लोक येतात, फोटो काढतात.

मला ओंबळ्यांचा अभिमान आहे आणि त्या लाठीची लाज आहे. या दोन गोष्टी एकत्र बोलायला आपण घाबरतो. शौर्याचं कौतुक केलं की साधनांचा प्रश्न विचारायचा नाही, असा एक अलिखित नियम झाला आहे. त्याच रात्री सीएसटीवर रेल्वे पोलिसांच्या हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री बंदुका होत्या. करकऱ्यांच्या अंगावरच्या जॅकेटचा दर्जा काय होता, याचं उत्तर त्यांच्या पत्नीला माहितीचा अधिकार आणि वर्तमानपत्रं यांच्यातून शोधावं लागलं, आणि त्या खरेदीची फाईलच मध्यंतरी सापडत नव्हती. अशोकचक्र दिलं. ते द्यायलाच हवं होतं. पण जिथे चांगली बंदूक आणि चांगलं जॅकेट पुरलं असतं तिथे अशोकचक्र द्यायची वेळ आली, हे कुणी म्हणायचं?

शिवाय एक लक्षात घे. कसाबला फाशी झाली, २१ नोव्हेंबर २०१२ ला, येरवड्यात. खटला उभा राहिला, उच्च न्यायालयात टिकला, सर्वोच्च न्यायालयात टिकला, आणि पाकिस्तानला जगासमोर तोंड चुकवणं अवघड झालं. का टिकला? एका पोलिसाने त्याला जिवंत धरलं म्हणून. पुरावा होता म्हणून.

आता दुसरा खटला सांगते. ११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट. दीडशेहून कितीतरी अधिक माणसं गेली, आठशेहून अधिक जखमी. माझी एक विद्यार्थिनी आहे, आता साठीला आलेली. तिचा नवरा त्यातल्या एका गाडीत होता. फोर्टातल्या कचेरीतून सुटून चर्चगेटला गाडी पकडली होती, रोजचीच. माहीमच्या पुढे तो गेलाच नाही. मुलगा तेव्हा नववीत होता.

२०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. (एकाला तेव्हाच निर्दोष सोडलं. नऊ वर्षं तुरुंगात काढलेला तो माणूस शाळामास्तर होता. माझ्या पेशाचा, म्हणून लक्षात राहिला.) आणि २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराच्या बारा जणांना निर्दोष ठरवलं. बारांतला एक तोवर तुरुंगात कोविडने वारला होता. निकालात काय म्हटलंय ते वर्तमानपत्रांत सविस्तर आलं होतं. कबुलीजबाब विश्वास ठेवण्याजोगे नाहीत. ओळखपरेड ज्याने घेतली त्याला ती घेण्याचा अधिकारच उरलेला नव्हता. साक्षीदार शंभराहून अधिक दिवस गप्प होते आणि मग अचानक त्यांना चेहरे आठवले. जप्त केलेल्या वस्तूंना नीट सील नाही. आणि सगळ्यात शेवटी, बॉम्ब कुठल्या प्रकारचे होते हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही! एकोणीस वर्षांनी! सरकार सर्वोच्च न्यायालयात धावलं. २४ जुलैला तिथे एवढंच ठरलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. सुटलेल्यांना परत आत घातलं नाही.

त्या एकवीस तारखेला रात्री तिचा फोन आला. "बाई, म्हणजे एकोणीस वर्षं मी चुकीच्या माणसांना शाप देत होते का?" मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि हे नाहीत, तर मग कुणी केलं? ते कुठे आहेत? अजून गाडीने जातात-येतात का?"

चौतीस वर्षांत मुलांच्या पुष्कळ प्रश्नांना मी "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली आहे. या वेळी तेही म्हणवेना.

दहा दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातले सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. तिथे सहा माणसं मेली होती. पहिल्या निकालाने संतापलेले दुसऱ्या निकालाला पेढे वाटत होते आणि पहिल्याला न्याय म्हणणारे दुसऱ्याला अन्याय म्हणत होते. मालेगावातल्या त्या सहा घरांत आणि माझ्या विद्यार्थिनीच्या घरात मात्र प्रश्न एकच आहे, मग कुणी केलं? खरे गुन्हेगार सुटले असतील तर ते भयंकर, आणि भलतेच आत बसले असतील तर तेही भयंकर, कारण मग खरे पहिल्या दिवसापासून मोकळे आहेत. कसंही फिरवा, पडलेला पेपर पोलिसांचा आणि सरकारचा आहे.

आणि सरकारला त्या महिन्यात काय महत्त्वाचं वाटत होतं? 'विशेष जन सुरक्षा विधेयक'. १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर, ११ जुलैला विधान परिषदेत. तारीख बघितलीस? अकरा जुलै! गाड्यांतल्या स्फोटांना त्या दिवशी एकोणीस वर्षं पूर्ण होत होती. तो कायदा डाव्या कडव्या संघटनांसाठी आहे, असं सांगतात. असेल. पण मला कायद्यांची यादी पाठ आहे, कारण प्रत्येक स्फोटानंतर एक नवा आला. टाडा आला, गेला. १९९९ मध्ये मकोका. २००२ मध्ये पोटा, तो २००४ मध्ये गेला. मग यूएपीए अधिकाधिक कडक. गाड्यांच्या खटल्यात मकोका लावलेला होताच! त्यात पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. आणि तोच कबुलीजबाब शेवटी गळ्यात अडकला. छडी लांब केली म्हणून मुलाला गणित येत नाही, हे मी पहिल्या पाच वर्षांत शिकले (छडी मारून शिकले, लपवत नाही). ज्या पोलिसाला ठाऊक आहे की कबुलीजबाब मिळाला की भागलं, तो कशाला सील नीट लावील? कशाला राखेचा नमुना घेऊन कलिन्याच्या प्रयोगशाळेच्या मागे लागेल? त्या प्रयोगशाळेत माणसं किती, जागा किती रिकाम्या, नमुने किती पडून, यावर कुठल्याही पक्षाने शिवाजी पार्कवर सभा घेतल्याचं मला आठवत नाही. दसऱ्याच्या मेळाव्यात प्रयोगशाळेचा विषय! लोक उठून जातील.

हो, लोक. आपणच ते. १९९३ मध्ये एकाचं सरकार, मग युतीचं, मग आघाडीचं, पुन्हा युतीचं, मग त्या दोघातिघांची फाटाफूट होऊन कुणाकुणाचं. नावं बदलली, मागच्या बाकावर काय चाललंय ते तसंच राहिलं. म्हणून मी एका पक्षावर खापर फोडत नाही, फोडलं असतं तर निदान अर्धे नातेवाईक तरी माझ्या बाजूने झाले असते.

पुलांचं थोडक्यात सांगते, कारण भाचा तिथेच म्हणणार, "मावशी, तू देशाच्या सुरक्षेत गटारं-पूल कुठे आणतेस!" १४ सप्टेंबर २०१७ ला अहमदाबादला बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली, लाख कोटींच्या वरचा प्रकल्प. २९ सप्टेंबरला, बरोबर पंधरा दिवसांनी, परळ-एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद जिन्यावर पावसात गर्दी चेंगरली. तेवीस माणसं मेली. जिना रुंद करा ही मागणी वर्षानुवर्षांची होती. मग जिना बांधायला कुणाला बोलावलं? भारतीय लष्कराला! काही महिन्यांत बांधूनही दिला त्यांनी. ज्या सैन्याने सीमा राखायची, त्याला परळला गिरणगावातल्या माणसांसाठी जिना बांधायला यावं लागलं, आणि आपण टाळ्या वाजवल्या. दुसरा पूल सीएसटीजवळचा. २६ नोव्हेंबरच्या रात्री कसाब आणि त्याचा साथीदार त्यावरून गेले म्हणून लोक त्याला 'कसाब पूल' म्हणत. दहशतवादी त्यावरून गेले तेव्हा तो उभा राहिला. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी तो आपला आपण पडला. तपासणीत तो ठीक असल्याचा अहवाल होता. बघा, पुन्हा तपासणी! गेलेल्यांत तीन परिचारिका होत्या, जी. टी. हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीला निघालेल्या.

आता माझा प्रश्न. शत्रूने तेवीस माणसं मारली असती तर आपण त्याला हल्ला म्हटलं असतं. जिन्याने मारली तर अपघात. मेलेल्याला या दोन शब्दांतला फरक कुणी समजावून सांगायचा?

भाच्या, मी विमानं-क्षेपणास्त्रं घेऊ नका असं म्हणत नाही. सीमेपलीकडे जे केलं ते करायला नको होतं असंही मी कधी म्हटलेलं नाही. ते तू ऐकलंस, मी बोलले नव्हते. मी एवढंच म्हणते की क्षेपणास्त्राची बातमी होते, म्हणून त्याच्यासाठी पैसे मिळतात. सागरी पोलिसांच्या बोटीत डिझेल आहे की नाही याची बातमी होत नाही. पावसाळ्यात ती बोट धक्क्याला बांधून ठेवली आहे की गस्त घालते आहे, तिच्यावरच्या माणसाला पोहता येतं का, मच्छीमार नगरातल्या कोळणीने संशयाचा फोन केला तर तो कोण उचलतो, राख गोळा करणाऱ्या हवालदाराला लिफाफा कसा बंद करायचा हे कुणी शिकवलं आहे का, हे सगळं कंटाळवाणं आहे. माझी विद्यार्थिनी त्या कंटाळवाण्या कामाअभावी एकोणीस वर्षं उत्तराशिवाय बसली आहे.

नुसतं लिहून काय होणार, असं तू म्हणशीलच. म्हणून गेल्या सोमवारी एक काम केलं. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज लिहिला, दहा रुपयांचा तिकीट लावून. मुंबईच्या हद्दीत सागरी पोलिसांच्या बोटी किती, त्यातल्या आज चालू किती, गेल्या पावसाळ्यात त्या किती दिवस समुद्रात गेल्या, डिझेलवर किती खर्च झाला, बोटीवरची किती पदं रिकामी. पाच ओळींत पाच प्रश्न, अक्षर मोठं काढलं आहे. खिडकीवरच्या मुलीने अर्ज वाचून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आजी, तुम्हाला कशाला हवंय हे?" मी म्हटलं, "मी चौपाटीवर बसते ना रोज."

तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलं की इथे जसंच्या तसं टाकीन, नाही आलं तर अपील करीन. तोवर भाच्या, रविवारी ये. अळूवड्या करते आहे. तुझ्या आईलाही घेऊन ये, आणि या वेळी ताटाकडे नको, माझ्याकडे बघून भांड.